कृष्णवर्णीय क्वीअर जीवनावरचे माहितीपट: पाहायला सुरुवात कुठून आणि कशी करावी

कृष्णवर्णीय समलिंगी आणि पारलिंगी माणसांवरचे माहितीपट पाहायचे आहेत असे म्हटले की बहुतेक जण पहिले नाव ‘पॅरिस इज बर्निंग’चे सुचवतात. चित्रपट उत्तम आहे आणि तो पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही हेही खरे. पण तो पहिला पाहू नये असे माझे मत आहे, आणि पुढचा सारा क्रम त्या मतावर बेतलेला आहे. या विषयावरचे काही चित्रपट त्या माणसांविषयी बाहेरच्यांना माहिती देतात, तर काही त्या माणसांनी आपापसांत बोलण्यासाठीच केलेले असतात. सुरुवात दुसऱ्या प्रकारापासून केली तर पहिल्या प्रकारात काय सुटते ते न सांगता दिसू लागते; उलट क्रमाने गेल्यास ते कळायला फार वेळ लागतो. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तीविषयी कोणीतरी सहानुभूतीने लिहिणे आणि वस्तीतल्या माणसाने स्वतः लिहिणे यांतले अंतर त्याने अनुभवलेले असते.

पहिली पायरी: शब्द जुळवून घ्यावेत

‘क्वीअर’ला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. तो मुळात इंग्रजीतला अवहेलनेचा शब्द होता आणि ज्यांच्यावर तो फेकला जात असे त्यांनीच तो उचलून स्वतःसाठी वापरायला घेतला. ‘समलिंगी’ हा शब्द त्यातल्या एका भागापुरताच पुरतो. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःचे लिंग वेगळे मानणाऱ्या व्यक्तींसाठी ‘पारलिंगी’ किंवा सरळ ‘ट्रान्स’ म्हणावे. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मात्र न्यूयॉर्कच्या ट्रान्स स्त्रीला लावू नये, कारण त्या शब्दामागे आपल्याकडच्या परंपरेचे, गुरू-चेल्यांच्या नात्याचे आणि बाजारमागणीचे संदर्भ उभे आहेत, आणि तिच्या आयुष्यात त्यांतले काहीच नाही.

दुसरी गल्लत ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे आफ्रिकन-अमेरिकनच असे समजण्याची होते. ‘लुकिंग फॉर लँगस्टन’ हा १९८९ सालचा कृष्णधवल चित्रपट करणारे आयझॅक ज्युलियन लंडनमध्ये जन्मले आणि त्यांचे आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावरून आलेले होते. त्यांच्या चित्रपटातले लँगस्टन ह्यूज हे अमेरिकी कवी, पण त्यांच्याकडे पाहणारी नजर ब्रिटनमधली आहे, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर चित्रपट उगाच धूसर वाटतो.

चित्रपट इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवूनच पाहावेत, कितीही चांगले इंग्रजी येत असले तरी. या माणसांच्या बोलीत लय आणि आडवळणे पुष्कळ असतात आणि विनोदाचा अर्धा जीव त्या लयीतच असतो.

दुसरी पायरी: ‘टंग्ज अनटाइड’ दोनदा पाहावा

सुरुवातीचा चित्रपट म्हणून मी मार्लन रिग्ज यांचा ‘टंग्ज अनटाइड’ सुचवतो. तो १९८९ सालचा असून अवघ्या ५५ मिनिटांचा आहे. रिग्ज यांचा जन्म १९५७ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे झाला. हार्वर्डमध्ये शिकून त्यांनी बर्कली येथे पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे तिथेच अध्यापन केले. ‘टंग्ज अनटाइड’च्या आधी त्यांनी ‘एथ्निक नोशन्स’ हा अगदी रीतसर माहितीपट केला होता. खेळणी, जाहिराती, व्यंगचित्रे आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू यांतून कृष्णवर्णीयांची विकृत चित्रे कशी घडवली गेली याचा तो इतिहास आहे. त्यात निवेदक आहे, अभ्यासक आहेत, पुरावे आहेत. रीतसर माहितीपट करता येणाऱ्या माणसाने ही सारी चौकट बाजूला ठेवून ‘टंग्ज अनटाइड’ केला, एवढे ध्यानात ठेवून तो पाहायला बसावे.

या चित्रपटात निवेदक नाही आणि कोणाची रीतसर मुलाखतही नाही. सुरुवातीला पडदा काळा असतो आणि ‘ब्रदर टू ब्रदर’ हे दोन-तीन शब्द आळीपाळीने, चढत्या आवाजात, मंत्रासारखे घुमत राहतात. मग कविता येतात, त्यांतल्या कित्येक एसेक्स हेम्पहिल यांच्या. रिग्ज स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन जॉर्जिया राज्यातले आपले बालपण सांगतात. मध्येच फक्त ओठ दिसावेत इतक्या जवळून घेतलेली तोंडे पडद्यावर येतात आणि शिव्या हासडतात. काही शिव्या त्यांच्या रंगाला असतात, काही समलिंगी असण्याला, आणि त्या इतक्या वेगाने आलटून पालटून येतात की कोणती कशासाठी हे वेगळे काढायला वेळच मिळत नाही. वर्ण आणि लैंगिकता या दोन गोष्टी एकाच देहावर एकाच वेळी कशा आदळतात याविषयी मोठमोठे निबंध लिहिले गेले आहेत. इथे संकलनाच्या त्या तुकड्यातून ते समजते.

पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रो या वस्तीविषयी बोलतात. अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांची ही जणू राजधानी. पण तिथल्या दुकानांत, चित्रांत आणि कल्पनांत आपण कुठेच नाही, आणि असलोच तर थट्टेपुरते, असे त्यांना आढळले. त्यानंतर चुटकी वाजवण्याच्या कलेचा एक धमाल तुकडा येतो. चुटकी कुठे, किती वेळा आणि कशा झोकात वाजवायची याचा तो जणू पाठच आहे. नवखा प्रेक्षक इथे हसतो आणि हसताना थोडा अवघडतोही, कारण या विनोदाचे निमंत्रण आपल्याला होते की नाही याची त्याला खात्री नसते.

त्या अवघडण्यापासून पळू नये. हा चित्रपट कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांनी कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांशी बोलण्यासाठी केलेला आहे. आपण दुसऱ्यांच्या घरी ओसरीवर बसलो आहोत आणि आत चाललेले बोलणे आपल्या कानांवर पडते आहे, अशी आपली जागा आहे. आतली माणसे आपल्यासाठी थांबून शब्दांचे अर्थ सांगणार नाहीत. म्हणून पहिल्या वेळी काहीही न शोधता, न थांबता पाहावा. दुसऱ्या वेळी, दोन-चार दिवसांनी, वही घेऊन बसावे आणि प्रत्येक तुकड्यापाशी एकच प्रश्न लिहावा: हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? भावाला, आईला, गोऱ्या प्रियकराला, चर्चमधल्या उपदेशकाला की मेलेल्या मित्राला? उत्तर दर दोन मिनिटांनी बदलते. शेवटाकडे एड्सने गेलेल्या माणसांच्या मृत्युलेखांतली छायाचित्रे एकामागून एक येऊ लागतात, आणि रिग्ज आपल्याच रक्तात टिकटिकणाऱ्या काळाविषयी बोलतात, तेव्हा हा प्रश्न लिहिण्याचे कोणाला सुचत नाही. तरी वही मिटू नये.

चित्रपटाचा शेवट कृष्णवर्णीय पुरुषांनी कृष्णवर्णीय पुरुषांवर प्रेम करणे ही क्रांतिकारक कृती आहे, अशा घोषवाक्याने होतो. याच वाक्यावरून रिग्ज यांच्यावर टीकाही झाली, कारण त्यांचा स्वतःचा जोडीदार गोरा होता आणि चित्रपटात त्याचा पत्ता नाही. ही टीका मला अर्धीच पटते. घोषणा आयुष्यापेक्षा नीटस असतेच. पण आयुष्याचा जो भाग घोषणेत मावला नाही तो दिग्दर्शकाने कुठे ठेवला, हे विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

तिसरी पायरी: चित्रपटाचे बाहेर काय झाले ते वाचावे

१९९१ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या ‘पी.ओ.व्ही.’ या मालिकेत ‘टंग्ज अनटाइड’ दाखवायचे ठरले, तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी तो दाखवायला नकार दिला. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्ध उतरलेल्या पॅट ब्यूकॅनन यांनी त्यातली काही दृश्ये प्रचाराच्या जाहिरातीत वापरली. सरकार लोकांच्या करातून असल्या गोष्टींवर पैसा उधळते असा त्यांचा आरोप होता. सरकारी कला-निधीतून रिग्ज यांच्यापर्यंत आलेली रक्कम ५,००० डॉलरची होती. २०२२ साली याच चित्रपटाची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली, म्हणजे जपून ठेवण्यासारखा ठेवा म्हणून सरकारदरबारी त्याची नोंद झाली. प्रत्येक चित्रपटानंतर असा अर्धा तास त्याच्या बाहेरच्या आयुष्यासाठी ठेवावा: पैसा कोणी दिला, कोणी अडवला, आणि कॅमेऱ्यापुढे बसलेल्यांचे पुढे काय झाले. शेवटचा प्रश्न पुढच्या पायरीवर फार महत्त्वाचा ठरतो.

चौथी पायरी: आता ‘पॅरिस इज बर्निंग’, पण ‘द क्वीन’नंतर

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या ‘बॉल’ या स्पर्धा-समारंभांविषयीचा हा चित्रपट १९९० सालचा. त्याच्या आधी १९६८ सालचा ‘द क्वीन’ पाहून घ्यावा. स्त्रीवेषातल्या पुरुषांच्या, १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका सौंदर्यस्पर्धेचे त्यात चित्रण आहे. अखेरीस मुकुट गोऱ्या स्पर्धकाला जातो आणि क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक भडकून परीक्षकांचा पक्षपात चव्हाट्यावर आणते. पुढे त्याच क्रिस्टलच्या नावाने ‘हाउस ऑफ लाबेजा’ उभे राहिले, आणि ‘पॅरिस इज बर्निंग’मध्ये या हाउसची धुरा पेपर लाबेजा यांच्याकडे आहे. तो संताप आधी पाहिला असला की बॉलमधली झगमग म्हणजे केवळ हौस असे वाटत नाही. दुसऱ्यांच्या मांडवात न्याय मिळेना म्हणून घातलेला तो स्वतःचा मांडव आहे.

‘हाउस’ म्हणजे घरातून हाकललेल्या मुलांचे घर, आणि त्याच्या प्रमुखाला ‘मदर’ म्हणतात. मराठी प्रेक्षकाच्या तोंडी इथे ‘घराणे’ हा शब्द येणे साहजिक आहे, आणि हिजड्यांच्या घराण्यांशी तुलनाही मनात येते. पहिल्या अर्ध्या तासापुरती ती तुलना वापरावी आणि मग सोडून द्यावी. आपल्याकडच्या घराण्याला धार्मिक स्थान आहे, जुने रिवाज आहेत आणि उपजीविकेची एक ठरलेली वाट आहे. हार्लेमच्या हाउसला यांतले काही नव्हते, आणि बॉलच्या रात्री मिळवलेली ढाल हीच त्याची प्रतिष्ठा होती.

‘रीअलनेस’ या स्पर्धा-प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. त्यात स्पर्धक कंपनीतला अधिकारी, सैनिक किंवा शाळकरी मुलगा असा वेष करून चालतो, आणि रस्त्यावर कोणालाही शंका येऊ नये इतका तो हुबेहूब असेल तर जिंकतो. बॉलमधल्या जुन्याजाणत्या डोरियन कोरी आरशासमोर रंगभूषा करत यामागचे मर्म शांतपणे समजावतात: तुम्ही अधिकारी नाही, पण अधिकाऱ्यासारखे दिसता, म्हणजे संधी मिळाली असती तर तुम्ही तो झाला असता. संपूर्ण चित्रपटात माझ्या मते सर्वांत खोल बोलणारी व्यक्ती हीच आहे, आणि तिचा आवाज एकदाही चढत नाही.

यानंतर वाद समजून घ्यावा. दिग्दर्शक जेनी लिव्हिंगस्टन या गोऱ्या समलिंगी स्त्री. कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी यावर कठोर लेख लिहिला. गोरी दिग्दर्शक पडद्यामागे अदृश्य राहते आणि कृष्णवर्णीयांची गोऱ्या श्रीमंतीची स्वप्ने करमणूक म्हणून समोर येतात, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. दुसरा वाद पैशांचा. चित्रपटाने अपेक्षेपलीकडे कमाई केल्यावर सहभागी मंडळींपैकी काहींनी वाटा मागितला, आणि अखेर सुमारे ५५,००० डॉलर १३ जणांत वाटले गेले. या रकमेवर मत बनवण्याची घाई करू नये, पण ती विसरूही नये. चित्रपटात ज्यांचे हसणे आपण ऐकतो त्या व्हीनस एक्स्ट्राव्हगॅन्झा यांचा १९८८ साली, चित्रीकरणाच्या काळातच, खून झाला आणि ती बातमी चित्रपटातच येते; डोरियन कोरी आणि अँजी एक्स्ट्राव्हगॅन्झा १९९३ साली गेल्या.

‘टंग्ज अनटाइड’पाशी लिहिलेला प्रश्न इथे पुन्हा विचारावा. बरीचशी उत्तरे ‘दिग्दर्शिकेला’ अशी येतील, म्हणजे पर्यायाने आपल्याला. माणसे व्याख्या सांगत असतात: ‘रीडिंग’ म्हणजे काय, ‘शेड’ म्हणजे काय, ‘व्होगिंग’ म्हणजे काय. पडद्यावर हे शब्द लिहूनही येतात. आपल्या सोयीची ही व्यवस्था जाणवली की ही पायरी झाली असे समजावे.

पाचवी पायरी: प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ऐकावा

शर्ली क्लार्क यांचा ‘पोर्ट्रेट ऑफ जेसन’ १९६७ सालचा. डिसेंबर १९६६ मधल्या एका रात्री, न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात, सुमारे १२ तास एकाच माणसाला बोलते ठेवून तो केला गेला. हा माणूस म्हणजे जेसन हॉलिडे, कृष्णवर्णीय आणि समलिंगी. ते गोष्टी सांगतात, नकला करतात, पितात, हसतात. रात्र चढते तसे कॅमेऱ्यामागचे आवाज त्यांना डिवचू लागतात आणि शेवटी ते रडतात. ते रडणे खरे की आणखी एक नक्कल, हे ठरवता येत नाही. एकटे असताना किंवा मन जड असताना हा चित्रपट पाहू नये. पाहताना जेसन यांच्या उत्तरांइतकेच प्रश्नांकडे कान ठेवावेत.

सहावी पायरी: स्त्रियांचे चित्रपट मुद्दाम शोधावेत

याद्यांत पुरुषांचे चित्रपट आपोआप वर येतात. ‘अ लिटनी फॉर सर्व्हायव्हल’ हा ऑड्री लॉर्ड या कवयित्रीवरचा १९९५ सालचा माहितीपट एडा गे ग्रिफिन आणि मिशेल पार्कर्सन यांनी केला. लॉर्ड १९९२ साली कर्करोगाने गेल्या, आणि आजारपणात खोल गेलेला त्यांचा आवाजही त्यात ऐकू येतो. पार्कर्सन यांचाच १९८७ सालचा स्टॉर्मी डेलार्व्हरी यांच्यावरचा लघुपटही मिळाला तर सोडू नये. स्त्रीवेषातल्या पुरुषांच्या ‘ज्युएल बॉक्स रिव्ह्यू’ या फिरत्या मंडळीत त्या पुरुषवेषात सूत्रसंचालन करत असत. आपल्या बोलपटांआधीच्या नाटक मंडळ्यांची आठवण यावी असे ते जग आहे, फक्त वेषांतराची अदलाबदल इथे दोन्ही बाजूंनी आहे.

‘द वॉटरमेलन वुमन’ हा शेरिल डुनये यांचा १९९६ सालचा चित्रपट ज्यांना कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडून पुढच्या पायरीवर जावे. फिलाडेल्फियातल्या एका व्हिडिओच्या दुकानात काम करणारी तरुणी १९३० च्या दशकातल्या एका विस्मृत कृष्णवर्णीय नटीचा शोध घेते. जुन्या चित्रफिती, छायाचित्रे आणि मुलाखती समोर येतात, आणि अगदी शेवटी कळते की ती नटी कधी नव्हतीच. छायाचित्रे झो लेनर्ड यांनी चित्रपटासाठी मुद्दाम काढलेली आहेत. हा माहितीपट नव्हे, माहितीपटाचे सोंग आहे. तरी तो या यादीत हवाच. कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रियांच्या आयुष्याचे कागद, फोटो, चित्रफिती कोणी जपल्याच नाहीत, तेव्हा तो रिकामा कप्पा दाखवायचा कसा, या अडचणीवर डुनये यांनी काढलेला हा तोडगा आहे. फसवले गेल्याचा राग आला तर तो थोडा वेळ राहू द्यावा, कारण इतिहासाने केलेली फसवणूक त्याहून मोठी आहे.

सातवी पायरी: गाळलेले काय ते ओळखावे

इथपर्यंत आलेल्या प्रेक्षकाने दोन चरित्रपट जोडीने पाहावेत. पहिला ‘ब्रदर आउटसायडर’, २००३ सालचा, बेयर्ड रस्टिन यांच्यावरचा. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या विराट मोर्चाचे हे मुख्य संघटक. ते समलिंगी होते आणि त्यावरून १९५३ साली त्यांना अटक झाली होती. मोर्चाच्या तोंडावर एका सिनेटरने सभागृहात तेच प्रकरण उकरून काढले. आपल्या दृष्टीने एक धागा मोलाचा आहे: अहिंसक प्रतिकार समजून घेण्यासाठी रस्टिन १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतरच्या महिन्यांत, भारतात आले होते. या चित्रपटात समलिंगी असणे कथेच्या मध्यभागी आहे.

दुसरा ‘आय ॲम नॉट युअर निग्रो’, २०१६ सालचा, राऊल पेक यांचा. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या हस्तलिखितातले शब्द सॅम्युअल एल. जॅक्सन यांच्या आवाजात येतात आणि अंगावर काटा येतो. पण बाल्डविन समलिंगी होते हे त्यात एका गुप्त पोलिसी अहवालातल्या उल्लेखापुरते येते आणि निघून जाते. चित्रपट वर्णद्वेषाविषयी आहे, त्यामुळे ते गाळणे क्षम्य, असे काही जण म्हणतात. रिग्ज यांचे ओठांचे ते दृश्य पाहिल्यावर मला तसे म्हणणे जड जाते.

आठवी पायरी: आजचे चित्रपट

सारा योर्डेनो यांचा ‘किकी’ (२०१६) आणि डी. स्मिथ यांचा ‘कोकोमो सिटी’ (२०२३) लागोपाठ पाहावेत. पहिल्यात न्यूयॉर्कच्या नव्या पिढीतल्या बॉल-मंडळीतले ट्विगी पुची गार्सन सहलेखक आहेत. म्हणजे ‘पॅरिस इज बर्निंग’च्या वादातून काहीतरी शिकले गेले आहे. दुसऱ्याच्या दिग्दर्शिका स्वतः कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री असून देहविक्रय करणाऱ्या चार कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया त्यांच्याशी जे बोलतात ते बाहेरच्या कोणाशी बोलल्या नसत्या. बोलणे फार मोकळे आहे आणि घरातल्या सर्वांसमवेत पाहण्याचे नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो गाजला, आणि एप्रिलमध्ये, तो चित्रपटगृहांत येण्याआधीच, चौघींपैकी कोको डा डॉल यांची अटलांटात गोळी घालून हत्या झाली.

चित्रपट मिळवणे आणि एकत्र पाहणे

परदेशातल्या मराठी वाचकांनी आधी आपल्या सार्वजनिक किंवा विद्यापीठ ग्रंथालयाकडे ग्रंथालयांमार्फत चित्रपट दाखवणाऱ्या ‘कॅनोपी’ या ऑनलाइन सेवेचे सदस्यत्व आहे का ते तपासावे. रिग्ज यांचे चित्रपट एकत्रित स्वरूपात क्रायटेरियन या अमेरिकी वितरक कंपनीने २०२१ साली प्रकाशित केले आहेत. भारतात एखादा चित्रपट आज मिळतो आणि उद्या नाहीसा होतो, म्हणून ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी पाहावा. मुंबईत २०१० पासून भरणाऱ्या ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावे.

मंडळात किंवा महाविद्यालयात दाखवायचा असेल तर वितरकाची परवानगी घ्यावी आणि सुरुवातीचे भाषण तीन मिनिटांवर जाऊ देऊ नये. चर्चेत ‘आपल्याकडेही असेच’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येते. ते पूर्णपणे चुकीचे नसते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच घेतले गेले होते. पण त्या वाक्याबरोबर चर्चा पडद्यावरच्या माणसांना सोडून आपल्यावर येते ती परत जात नाही, म्हणून पहिला अर्धा तास फक्त चित्रपटातल्या एखाद्या दृश्याविषयी बोलावे असा नियम आधीच सांगून टाकावा. श्रोत्यांत कोणी समलिंगी किंवा पारलिंगी असेल असे गृहीत धरूनच बोलावे, आणि ‘तुम्हाला काय वाटते?’ असे कोणाकडेही बोट करून विचारू नये.

‘ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट’ हा रिग्ज यांचा अखेरचा चित्रपट सर्वांत शेवटी ठेवावा. यात बेल हुक्स आणि कृष्णवर्णीय चळवळीतल्या विचारवंत कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्यासारखी माणसे कृष्णवर्णीय चळवळीतल्या पुरुषी तोऱ्याची झाडाझडती घेतात, आणि नावापुरती ती चळवळ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातले बरेचसे नवे असेल. मध्ये मध्ये रिग्ज आजीच्या ‘गंबो’विषयी बोलतात. लुइझियानाकडचा हा दाट रस्सा, ज्यात जे असेल ते पडते आणि तरी प्रत्येक जिनसाची चव वेगळी लागते. काही दृश्यांत ते रुग्णशय्येवर आहेत आणि तिथूनच चित्रपट कसा व्हावा ते सांगत आहेत. ५ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते एड्सने गेले. उरलेले काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरे केले. तो पाहून झाल्यावर वहीतले ‘टंग्ज अनटाइड’चे पान काढावे आणि ‘हे वाक्य कोणाला उद्देशून आहे?’ याची तेव्हा लिहिलेली उत्तरे वाचावीत. त्यांतली निदान दोन-तीन बदलावीशी वाटतील.